फ्लाइंग कायमचं बंद झालं. आता वर्दीतलं दुसरं ध्येय कसं शोधायचं?

चिखलीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

वय २३. घर वास्कोजवळ चिखलीला. मिग-२९के उठलं की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात. पाहुणे दचकतात, आम्ही बोलणं तेवढं थांबवतो आणि आवाज गेला की पुढे सुरू करतो. फर्मागुढीला ई अँड टीसीत इंजिनिअरिंग केलं. कॉलेजात एनसीसी होतं, 'सी' सर्टिफिकेट बी ग्रेडचं.

एएफकॅट, म्हणजे हवाई दलाच्या अधिकारी भरतीची लेखी परीक्षा निघाली, एएफएसबी, म्हणजे हवाई दलाची एसएसबी मुलाखत निघाली. सीपीएसएस, म्हणजे वैमानिकाची कुवत तपासणारी, आयुष्यात एकदाच देता येणारी कॉम्प्युटरवरची चाचणी, तीही निघाली. मग मेडिकलला ठिपक्यांच्या चित्रांतले काही आकडे मला दिसलेच नाहीत. रंगदृष्टीची ग्रेड आली सीपी-२. फ्लाइंगला सीपी-१ लागते. अपील मेडिकल बोर्डाकडे ४२ दिवसांत जाता येतं, तेही केलं. निकाल तोच: फ्लाइंगसाठी कायमचा अनफिट.

माझ्या मामाला झाडावरचं पिकलेलं भिरंड पानांतून दिसत नाही. घरात यावरून त्याची थट्टा चालायची. हे माझ्यातही असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

पर्यायांची यादी शोधली की मिळते. सीडीएस (पदवीनंतरची लेखी परीक्षा), एनसीसी स्पेशल एंट्री, एसएससी टेक (इंजिनिअरांसाठी लष्करातलं शॉर्ट सर्व्हिस कमिशन), नौदल, कोस्ट गार्ड, सगळं वाचलं. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. जे उरलं ते घेतलं, असं वाटू न देता नवं ध्येय मनापासून धरता येतं का? तुमच्यापैकी कोणी धरलंय का? आणि एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडीच्या पाच दिवसांच्या मुलाखतीत, 'पायलट व्हायचं होतं ना, मग आता हे का?' असं विचारलं तर खरं उत्तर काय द्यायचं?

कामापुरती माहिती: फायनल इयरला आम्ही मच्छीमारांच्या होड्यांसाठी स्वस्तातलं रेडिओ बीकन, म्हणजे सिग्नल पाठवत राहणारं यंत्र, केलं होतं. खारीवाड्याच्या जेटीवर जाऊन टेस्ट करायचो. पहिलं मॉडेल खाऱ्या हवेने दोन आठवड्यांत गंजलं. मग बॉक्स बदलला, अँटेना होडीच्या मागच्या बाजूला घेतला, तर जाळं ओढताना तो मोडायचा. शेवटी एका तांडेलानेच, म्हणजे होडीच्या नाखव्यानेच, जागा दाखवली. तिथे बसवल्यावर होडी पार सांतजासिंत बेटाच्या पलीकडे गेली तरी सिग्नल येत राहिला. त्या रात्री आम्ही जेटीवरच झोपलो. पण हे सगळं कॉलेजपुरतं.

मडगावची_सुलभा

वाचून पोटात तुटलं रे. आईबाबांना जप, त्यांनाही लागलं असेल. सल्ला द्यायला माझ्याकडे काही नाही, जाणकार येतीलच.

दृष्टी_फोंडा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. आधी डोळ्यांचं बोलते, कारण हा धागा उद्या दहावी-बारावीची मुलंही वाचतील.

लाल-हिरव्यातला हा दोष बहुतेक वेळा जन्मजात असतो. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून तो पुरुषांत जास्त दिसतो आणि आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला काही त्रास नसतो. मामाला आहे आणि भाच्यालाही निघाला, हे अगदी नेहमीचं. धाकटा भाऊ असेल तर त्यालाही तपासून घ्या.

यावर औषध नाही, ऑपरेशन नाही. रंगाचे चष्मे आणि टिंटेड लेन्स मेडिकलला चालत नाहीत. इशिहाराची, म्हणजे त्या ठिपक्यांच्या चित्रांची, पानं पाठ करून जा, असं सांगणारे क्लासवाले भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. बोर्डाकडे दिव्यांची लँटर्न चाचणीही असते आणि पुढे सेवेत रंग ओळखावेच लागतात. सीपीचा आकडा जितका लहान तितकी रंगदृष्टी चांगली, म्हणजे सीपी-२ हा फार मोठा दोष नाही. कुठल्या प्रवेशाला कुठली ग्रेड लागते ते त्या-त्या जाहिरातीच्या मेडिकल स्टँडर्डमध्ये छापलेलं असतं. निकष बदलतात, तेव्हा चालू वर्षाचीच जाहिरात वाचा.

चष्म्याचा नंबर ही वेगळी गोष्ट. पदवीनंतरच्या बऱ्याच प्रवेशांना लॅसिक (नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन) चालतं, पण वयाची २० वर्षं झाल्यावर आणि मेडिकलच्या किमान १२ महिने आधी केलेलं. एनडीएला चालत नाही.

पालकांनो, मुलगा आठवी-नववीत 'मी पायलट होणार' म्हणाला की त्याच आठवड्यात रंगदृष्टी तपासून आणा. पाच मिनिटांचं काम आहे.

मोपा_ड्युटी

एटीसी (विमानतळाच्या टॉवरमधून विमानांचं नियंत्रण) किंवा मर्चंट नेव्हीचं बघ ना. विमानं, समुद्र, सगळं जवळच. किंवा थेट सिव्हिल पायलट?

वास्कोचा_चीफ

मोपा_ड्युटी, तिथेही रंग आडवा येतोच. डेक ऑफिसरला, टॉवरवाल्याला, डीजीसीएच्या मेडिकलला, सगळीकडे रंगदृष्टी बघतात. ह्याचं कारण मुलांना नीट सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटतं बोर्डाने उगीच अडवलं.

रात्री समुद्रावर जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा. मला समोर नुसता लाल दिसला तर ते जहाज माझ्या पुढून उजवीकडून डावीकडे चाललंय. नुसता हिरवा दिसला तर उलट. ते ओळखायला चुकलो तर टक्कर. मुरगावच्या चॅनलमध्ये शिरताना लाल बॉय, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणा, डावीकडे ठेवायचे, हिरवे उजवीकडे. धावपट्टीच्या बाजूला चार दिवे असतात. दोन पांढरे, दोन लाल दिसले की विमान बरोबर उतारावर आहे. चारही लाल म्हणजे धोकादायक खाली. वैमानिकाकडे तिथे विचार करायला वेळ नसतो.

मी नौदलात खलाशी म्हणून लागलो आणि चीफ होऊन निवृत्त झालो. चिखलीकर, तुझ्या प्रश्नाला एक गोष्ट सांगतो. २ ऑक्टोबर २०२४ रोजी वेरेंच्या आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळावरून तारिणी ही शिडाची होडी सुटली, दोन महिला अधिकारी घेऊन, पृथ्वीप्रदक्षिणेला. २९ मे २०२५ रोजी त्या परत गोव्यातच आल्या. पंचवीस हजारांवर सागरी मैल शिडावर. होडी आपल्या दिवाडीच्या शिपयार्डात बांधलेली. त्या दोघींपैकी लेफ्टनंट कमांडर दिलना लॉजिस्टिक्सच्या आणि लेफ्टनंट कमांडर रूपा शस्त्रास्त्र तपासणी शाखेच्या. जहाज हाकणं हे दोघींच्याही शाखेचं काम नव्हे. केप हॉर्नला वळसा घातला तेव्हा कोणी शाखा विचारली नाही. शाखा ठरली म्हणजे आत काय-काय करता येईल तेही ठरलं, असं समजू नकोस.

सत्तरीचा_गडी

मी ऑफिसरच्या रांगेतला नव्हे. अग्निवीरसाठी धावलो. गोव्याचे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या भरती कार्यालयाकडे येतात, त्यामुळे आम्हाला घाट चढूनच जावं लागतं. १.६ किलोमीटरच्या धावेत थोडक्यात मागे पडलो. घरी आल्यावर 'पुढच्या वेळी बघू' म्हणत राहिलो. काजूचा सिझन आला, मग चवथ, मग बहिणीचं लग्न. पुढच्या भरतीला वय उलटून गेलं होतं.

आता अग्निशमन दलात आहे. काम आवडतं. उन्हाळ्यात डोंगराला आग लागली की रात्र-रात्र वर असतो. पण तुला कळकळीने सांगतो, दुःख करायला वेळ घे, फॉर्म भरायला घेऊ नकोस. जाहिरातीची शेवटची तारीख तुझ्या मनासाठी थांबत नाही. फॉर्म भर आणि मग पाहिजे तितका विचार कर.

निवृत्त_सिग्नलवाला

चिखलीकर, तुझी पोस्ट मी पुन्हा वाचली. विमानाबद्दल तू काचा वाजतात एवढंच लिहिलंस. सगळ्यात लांब परिच्छेद त्या बीकनचा आहे आणि तो तू 'कामापुरती माहिती' म्हणून शेवटी टाकलास. खारी हवा, मोडलेला अँटेना, तांडेलाने दाखवलेली जागा, जेटीवर काढलेली रात्र. हे लिहिताना तुला शब्द शोधावे लागलेले नाहीत.

मी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संपर्क यंत्रणेत, नोकरी केली. आमची कोअर, म्हणजे शाखा, १५ फेब्रुवारी १९११ ची. तरुण लेफ्टनंटचं काम काय असतं ते सांगतो, कारण जाहिरातीत ते नसतं. उंचावर एक डिटॅचमेंट असते. चार-सहा जवान, एक जनरेटर, एक मास्ट, एक शेल्टर. खाली कमांडरने हँडसेट उचलला की पलीकडे आवाज आलाच पाहिजे. थंडीत बॅटरी बसते, अँटेनावर बर्फ साचतं, जनरेटर रुसतो. तुझ्याकडे पुस्तक असतं आणि तुझ्या हवालदाराकडे वीस वर्षांचा अनुभव. पहिल्या महिन्यात तू त्याला किती विचारतोस यावर तू कसला अधिकारी होणार ते ठरतं. तू तांडेलाचं ऐकलंस ना? तेच काम. फक्त इथे लिंक तुटली तर गस्तीवर गेलेली माणसं एकटी पडतात.

आता व्यवहाराचं. इंजिनिअरला एसएससी टेक आहे आणि टीजीसी (टेक्निकल ग्रॅज्युएट कोर्स) आहे, दोन्हींना वय २० ते २७. लेखी परीक्षा नाही. डिग्रीच्या मार्कांवर शाखेनुसार कट-ऑफ लागतो आणि थेट एसएसबीला बोलावतात. टीजीसी म्हणजे डेहराडूनची आयएमए आणि पर्मनंट कमिशन. एसएससी म्हणजे ओटीए ही लष्कराची दुसरी अकादमी, नोकरी दहा वर्षं आणि पुढे चार वाढवता येतात. तुझ्या 'सी' सर्टिफिकेटवर एनसीसी स्पेशल एंट्रीही आहे, पण तिथे वयाची मर्यादा २५, म्हणजे आधी तिच्याकडे बघ. एक सावधगिरी: कोअर तुझ्या पसंतीवर, मेरिटवर आणि रिकाम्या जागांवर मिळते. सिग्नल्सच मिळेल अशी हमी कोणी देऊ शकत नाही. लष्कर हवं असेल तर ये. फक्त सिग्नल्स हवं असेल तर पुन्हा विचार कर.

आणि मुलाखत. पीआयक्यू, म्हणजे मुलाखतीआधी भरायच्या माहितीच्या फॉर्ममध्ये आधीच्या एसएसबी लिहाव्याच लागतात, म्हणजे तुझं फ्लाइंगचं सगळं त्यांच्या समोर असणार. प्रश्न येणारच. 'देशसेवा महत्त्वाची, शाखा नाही' हे उत्तर ते दिवसातून कित्येकदा ऐकतात. तू घडलं ते सांग: उडायचं होतं, डोळ्यांनी थांबवलं, अपील केलं, निकाल मान्य केला. मग मागे वळून बघितलं तर ज्या कामात रात्री जागलो ते रेडिओचं होतं. त्यानंतर ते बीकनवर खोदून-खोदून विचारतील. फ्रिक्वेन्सी, पॉवर, भांडण कुणाशी झालं, पैसे कुठून आणले. तिथे तू बोलत सुटशील. हे पाठ करून जमत नाही, मनात तसं ठरलेलं असावं लागतं. तसं ठरलंय का, हे मला इथून कळणार नाही.

मी फोंड्यात असतो. खासगी निरोप पाठव, एक दिवस घरी ये. आईबाबांनाही आण, त्यांचे प्रश्न वेगळे असतात.

चिखलीकर (धागाकर्ता)

सर, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'त्या होडीच्या डब्यासाठी तू जेवायचं विसरायचास, हे खरं.'

पण एक भीती सांगतो. बीकन आवडलं होतं हे खरंच. ते मी आता, फ्लाइंग गेल्यावर, मोठं करून तर बघत नाहीये ना? आणि हवाई दलाची ग्राउंड ड्युटी घे, असं बरेच जण म्हणतात. मला ते नको वाटतं. रोज धावपट्टी दिसली की मन तिथेच अडकेल.

दृष्टी_फोंडा

त्याला उत्तर एकच दिसतं मला. बीकन पुन्हा हातात घे. कोणी मार्क देणार नाही, कोणी विचारणार नाही, अशा वेळी ते काम करावंसं वाटतं का बघ.

हवाईदलाची_सून

ग्राउंड ड्युटीबद्दल माझं मत वेगळं आहे. माझे मिस्टर हवाई दलात इंजिनिअर. त्यांनाही उडायचं होतं. पहिली दोन वर्षं जड गेली, ते मी जवळून पाहिलंय. आज त्यांच्या माणसांनी सही केल्याशिवाय विमान हँगरबाहेर येत नाही आणि ती सही करताना वैमानिकाचा जीव आपल्या हातात आहे हे त्यांना पुरेपूर ठाऊक असतं. मन अडकेल हे तू आधीच ठरवू नकोस. काहींचं अडकतं, काहींचं रुजतं. तुला नको असेल तर नको, पण धागा वाचणाऱ्या इतर मुलांनी ही वाट बंद समजू नये.

अबोली_पेडणे

जरा वेगळा प्रश्न, पण इथेच विचारते. माझी मुलगी बारावी झाली. एनडीएची लेखी पास झाली, एसएसबीत पाचही दिवस राहिली आणि शेवटच्या दिवशी बोर्डासमोरच्या कॉन्फरन्सनंतर नाव आलं नाही. तेव्हापासून गप्प आहे. आम्ही म्हणतो इंग्रजी कमी पडलं असेल. तिचे काका म्हणतात वशिला नव्हता. मी तिला काय सांगू?

नेत्रावळीची_लेक

काकी, आधी ती दोन्ही कारणं घरात बंद करा. बोर्ड नापास झाल्याचं कारण सांगत नाही, म्हणून प्रत्येक जण आपापलं एक कारण लावतो आणि मुलीला ते सगळं ऐकावं लागतं. मीही ऐकलंय. वशिला म्हटलं की तिच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. इंग्रजी म्हटलं की ती वर्षभर व्याकरण करत बसते, आणि अडचण कदाचित भलतीकडेच असते.

माझं सांगते. कॉन्फरन्समधून मीही परतलेय, एकाहून जास्त वेळा. गाडीतच वही काढून पाचही दिवस आठवून लिहिले. स्क्रीनिंगचं चित्र, शब्दचाचणीतल्या ६० शब्दांपैकी कुठे पेन थांबलं, ग्रुप टास्कमध्ये मी कधी बोलले. लिहिता-लिहिता दिसलं की अडथळा ओलांडायला फळी कुठे टाकायची हे मला सुचायचं, पण मी शेजारच्या मुलीच्या कानात सांगायचे आणि ती मोठ्याने बोलायची. त्यावर काम करायचं तर क्लासमध्ये होत नाही. गावच्या वाचनालयाची जबाबदारी घेतली. पंचायतीकडे जाणं, वर्गणी, नाही म्हणणाऱ्यांशी बोलणं, सगळं माझ्याकडे. सीडीएसने ओटीएसाठी निवड झालीय, लवकरच रुजू होते.

तुमच्या लेकीचं वय बघा. साडेएकोणीसपर्यंत एनडीए पुन्हा देता येते, वर्षातून दोनदा होते. पीसीएम असेल तर नौदलाची टेन प्लस टू बीटेक एंट्रीही आहे, जेईई मेनच्या रँकवर, केरळातल्या एळिमलाच्या नौदल अकादमीत. नाहीतर पदवीला प्रवेश, त्यासोबत एनसीसी, मग सीडीएस. एनडीएतून मुलींची पहिली तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली, १७ जणी. वाट अजून नवी आहे, गर्दी वाढतेय, निवड कठीण आहे. हे तिला खरं-खरं सांगा, लहान समजून लपवू नका. ती बोलणार असेल तर मला निरोप पाठवायला सांगा.

वास्कोचा_चीफ

एळिमलाची अकादमी २००९ मध्ये तिथे गेली. त्याआधी १९८६ पासून ती आपल्या वेरेंलाच होती. मांडवीपलीकडे मुलं परेड करताना दिसायची. अबोलीताई, लेकीला एकदा पणजीच्या जेटीवरून ती जागा दाखवा.

अबोली_पेडणे

देव बरें करूं सगळ्यांचं. ती आत्ता माझ्या शेजारी बसून हे वाचतेय.

चिखलीकर (धागाकर्ता)

मधे बरेच दिवस लिहिलं नाही. काय झालं ते सांगतो.

दृष्टीताईंचं ऐकून बीकन काढलं. आमच्या ग्रुपमधले दोघे बेंगळुरूला गेलेत, मी एकटाच बसलो. बॅटरी फार लवकर संपायची, ते कॉलेजात तसंच सोडलं होतं. आता सिग्नल सतत न पाठवता ठरावीक वेळाने पाठवायची सोय केली. खारीवाड्याच्या त्याच तांडेलाला नेऊन दिलं. त्याने विचारलं, 'परीक्षा संपली ना तुझी? मग आता कशाला?' मला उत्तर देता आलं नाही, पण मी खूश होतो. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे.

फोंड्याला जाऊन आलो. सरांनी मला फार काही विचारलं नाही. बाबांशीच दोन तास बोलले. पगार, पोस्टिंग, दहा वर्षांनी पुढे काय, लग्न, सगळं. बाबांना सगळ्यात मोठी काळजी ही होती की मी रागाच्या भरात कुठलाही फॉर्म भरेन. येताना गाडीत ते म्हणाले, 'आता मला कळलं तू काय करणार आहेस ते.' कोअरच्या सावधगिरीवरही विचार केला. ईएमई (उपकरणांची देखभाल करणारी शाखा) मिळो की इंजिनिअर्स, उपकरणं आणि माणसं दोन्ही सांभाळायची आहेत. ते मला हवंय.

एनसीसी स्पेशल एंट्रीचा फॉर्म भरला. जाहिरातीतलं रंगदृष्टीचं मानक आधी वाचलं, मगच भरला. एसएससी टेकची जाहिरात आली की तोही भरणार. तोवर वेर्ण्याच्या एका कंपनीत नोकरी धरलीय, सर्किट टेस्टिंगची.

फ्लाइंगचं दुःख आहे. सकाळी काचा वाजल्या की अजून मान वर जाते. पण दिवसभर डोक्यात असतो तो अँटेना, विमान नव्हे. एवढं नक्की सांगू शकतो.

आता मदत हवीय ती धावण्याची. ओटीएला जाण्याआधी २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत, ४० पुश-अप्स, ६ पुल-अप्स जमायला हवेत, पोहणंही यायला हवं. पोहतो. धाव फार मागे आहे. वास्को परिसरात सकाळी कोणी धावतं का?

सत्तरीचा_गडी

सध्या ड्युटी वास्कोलाच आहे. शिफ्ट नसेल तेव्हा पहाटे साडेपाचला बायणा किनाऱ्यावर असतो. ओल्या वाळूवर धावू, पाय लवकर तयार होतात. घड्याळ आण, पहिल्या दिवसापासून वेळ लिहून ठेवायची. मी लिहून ठेवत नव्हतो.

निवृत्त_सिग्नलवाला

आठवड्यातून एकदा बूट घालूनही धावा. आणि चिखलीकर, बॅटरीचं जे केलंस त्याचं सर्किट मला पाठव.